मॉडेल रेल्वेचा फोटो : दाखवावा कसा, पाहावा कसा

मॉडेल रेल्वेच्या छंदात सगळ्यात कठोर आणि सगळ्यात उपयोगी परीक्षक कॅमेरा आहे. टेबलाशी उभं राहून आपण आपला लेआउट पाहतो, तेव्हा डोळा बरंच काही सांभाळून घेतो. गाडी धावत असते, तिचा आवाज येत असतो, मनात खरी गाडी असते; जे उणं असेल ते मन भरून काढतं. कॅमेरा असं काही करत नाही. सिग्नल केबिनच्या पायथ्याशी राहिलेली फट, फलाटावरच्या हमालाच्या पायाखालची प्लास्टिकची चकती, डब्याच्या छतावर बसलेली धूळ हे सगळं तो जसंच्या तसं समोर ठेवतो.

पण फोटो निघाला की अर्धंच काम होतं. तो छंदातल्या मित्रांना दाखवला, त्यांनी नीट पाहिला आणि उपयोगी पडेल असं काही सांगितलं, तर पुढचं मॉडेल आधीच्यापेक्षा सरस होतं. इथेच गाडी अडते. फोटो गटात आला की ‘मस्त’, ‘जबरदस्त’, ‘एक नंबर’ अशा शब्दांची रांग लागते. मग कोणीतरी ‘रूळ अरुंद वाटतोय’ एवढंच लिहून मोकळा होतो आणि सगळे गप्प होतात. कौतुकाने हुरूप येतो, तो हवाच; पण उद्या संध्याकाळी ब्रश हातात घेतल्यावर नेमकं काय करायचं, हे या दोन्ही प्रकारच्या उत्तरांतून कळत नाही. फोटो दाखवणं आणि फोटोवर बोलणं या दोन्ही गोष्टी शिकून घेता येतात. त्या कशा, ते इथे क्रमाने पाहू.

या छंदात फोटोचं मोल किती, याचं सर्वात मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी जॉन अ‍ॅलन यांनी आपल्या घराच्या तळघरात ‘गोरी अँड डिफीटेड’ नावाची काल्पनिक डोंगरी रेल्वे एचओ (१:८७) प्रमाणात उभारली. अ‍ॅलन पेशाने छायाचित्रकार होते. नवीकोरी चकचकीत मॉडेलं मिरवण्याच्या त्या काळात त्यांनी गंजलेले डबे, काजळलेली इंजिनं आणि झिजलेल्या इमारती केल्या आणि त्यांचे फोटो मासिकांतून जगभर पोचवले. जानेवारी १९७३ मध्ये ते वारले आणि पुढच्या काही दिवसांतच लागलेल्या आगीत लेआउटचा बहुतेक भाग नष्ट झाला. आज जगभरचे मॉडेलकार त्या रेल्वेपासून शिकतात, ते केवळ फोटोंवरून.

कॅमेरा माणसाच्या उंचीवर आणा

एचओ म्हणजे १:८७ प्रमाण. या प्रमाणात १६५ सेंटिमीटर उंचीचा माणूस १९ मिलिमीटरचा होतो. तुम्ही उभ्या उभ्या, लेआउटच्या ६० सेंटिमीटर वरून फोटो काढलात, तर त्या छोट्या जगाच्या हिशेबात तुम्ही ५२ मीटर उंचीवर आहात, म्हणजे सतरा मजली इमारतीच्या गच्चीवर. खरी गाडी तिथून आपण क्वचितच पाहतो. आपण ती फलाटावरून, फाटकापाशी उभं राहून किंवा पुलावरून पाहिलेली असते. म्हणून कॅमेऱ्याचं भिंग शक्य तितकं खाली, रुळापासून दोन सेंटिमीटरच्या आसपास आणा. मोबाइल उलटा धरला, म्हणजे कॅमेऱ्याची बाजू खाली केली, तर भिंग आपोआप जवळपास त्या उंचीवर येतं. एवढ्या एका बदलाने इंजिन अंगावर आल्यासारखं दिसू लागतं आणि फोटोला वजन येतं.

वरून काढलेला फोटोही लागतो, पण वेगळ्या कामासाठी. रुळांची आखणी, यार्डातल्या सांध्यांची मांडणी, रस्ता आणि नाला कुठून जातो हे दाखवायचं असेल तर वरूनच काढा. शक्यतो दोन्ही प्रकारचे फोटो द्या. एकात रचना कळते, दुसऱ्यात परिणाम.

सूर्य एकच आहे, दिवाही एकच मुख्य ठेवा

खोलीत दोन ट्यूबलाइट आणि एक टेबललॅम्प असेल, तर सिग्नलच्या खांबाच्या तीन सावल्या पडतात. बघणाऱ्याला काय खटकलं ते सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे लगेच कळतं. एक मुख्य दिवा ठरवा आणि तो जितका लांब नेता येईल तितका न्या. दिवा जवळ असला की सावल्या पंख्यासारख्या पसरतात. सूर्य इतका दूर आहे की त्याच्या सावल्या समांतर पडतात. दुसऱ्या बाजूचा काळोख फार वाटला, तर तिथे पांढरा थर्मोकोल किंवा ड्रॉइंगचा कागद उभा करा. तेवढा परतणारा उजेड पुरतो. पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब एकत्र लावू नका, कारण मग रंगाची शिस्त कॅमेऱ्याला सापडत नाही आणि तुम्ही मेहनतीने जुळवलेला डब्याचा निळा रंग जांभळट दिसतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बंदच ठेवा.

लेआउट तुकड्यांचा असेल, किंवा फक्त एखादं इंजिन आणि फूटभर रूळ दाखवायचा असेल, तर तो गच्चीत न्या. सकाळी आठ-नऊच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हासारखा दिवा बाजारात मिळत नाही. मागे आकाश येईल असं पाहा आणि शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी चौकटीत येणार नाही याची काळजी घ्या.

सगळं स्पष्ट हवं

खरा घाट डोळ्यांना पुढच्या खडीपासून मागच्या कड्यापर्यंत स्पष्ट दिसतो. मॉडेलचा फोटो जवळून काढला की फोकसची पट्टी अगदी अरुंद होते. इंजिनाचं नाक स्पष्ट आणि तिसरा डबा धूसर अशी गत होते. ही धूसरताच ‘हे खेळणं आहे’ असं ओरडून सांगते. मोबाइलचा सेन्सर लहान असल्यामुळे त्यात ही अडचण कमी येते, हा त्याचा मोठा फायदा. मोठ्या कॅमेऱ्यात छिद्र बारीक करा, एफ/१६ पर्यंत. त्याहून फार बारीक केलं तर सगळंच चित्र किंचित मऊ पडतं. उजेड कमी पडतो म्हणून आयएसओ वाढवू नका. तो १०० वर ठेवा, ट्रायपॉड वापरा, उघडझाप सेकंदभराची झाली तरी चालेल, फक्त बटणाला हात न लावता टायमरवर फोटो घ्या.

याच्या पुढची पायरी फोकस स्टॅकिंगची आहे. कॅमेरा जागचा न हलवता, फोकस पुढून मागे थोडा थोडा सरकवत फोटो घ्यायचे आणि ‘हेलिकॉन फोकस’ किंवा ‘झिरीन स्टॅकर’सारख्या प्रणालीने प्रत्येकातला स्पष्ट भाग जोडून एक चित्र करायचं. वेळ जातो, पण यार्डाचं लांबलचक दृश्य असेल तर तो सत्कारणी लागतो. आभाळ किंवा इंजिनाचा धूर नंतर संगणकावर घातला असेल तर तसं सांगा. त्यात कमीपणा काही नाही. पण समोरचा तुमच्या मॉडेलावर मत देणार आहे, तेव्हा मॉडेल कुठे संपतं आणि चित्रकाम कुठे सुरू होतं हे त्याला कळलं पाहिजे.

बटण दाबण्याआधी

मऊ ब्रशने धूळ झटका. सगळी चाकं रुळावर बसली आहेत का, ते बोट न लावता, डोळा रुळाच्या पातळीवर आणून पाहा. खांब सरळ करा. मग एक चाचणी-फोटो घ्या आणि तो मोठा करून कोपऱ्या-कोपऱ्यातून तपासा: रुळाची बाजू रंगवायची राहिली आहे का, स्लीपरवर खडीचे दाणे चिकटले आहेत का, मागच्या पडद्यावर इमारतीची सावली पडली आहे का. आभाळावर पडलेली सावली सगळा खेळ बिघडवते. पडदा थोडा मागे सरकवला की ती जाते. जे पाच मिनिटांत सुधारता येईल ते सुधारूनच फोटो दाखवा. मित्रांचं लक्ष आणि वेळ अवघड प्रश्नांसाठी राखून ठेवावा.

फोटो पाठवताना तो मूळ आकारात जाईल असं पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो आवळला जातो आणि ज्या बारकाव्यांवर मत हवं आहे तेच पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. फोटो दहा नकोत, दोन-तीन पुरे.

फोटोसोबत चार ओळी

फोटो एकटा पाठवू नका. त्याच्यासोबत चार गोष्टी लिहा, म्हणजे पाहणाऱ्याला नुसत्या अंदाजावर बोलावं लागणार नाही.

पहिली, प्रमाण आणि रूळ. ‘एचओ, १६.५ मिलिमीटर’ किंवा ‘एन, ९ मिलिमीटर’ एवढं पुरतं. दुसरी, जागा आणि काळ. ‘भोर घाट, १९८५चा पावसाळा’ असं म्हटलं की पाहणाऱ्याच्या हातात मोजपट्टी येते. ‘काल्पनिक स्थानक, साधारण कोकण रेल्वेसारखं’ असं म्हटलंत तरी चालेल. मोजपट्टी तेवढी सैल होते. तिसरी, काय विकत घेतलं आणि काय हाताने केलं. तयार इंजिनाच्या साच्यातल्या चुकीबद्दल तुम्हाला ऐकवून काही साधत नाही, मात्र त्याच्या रंगकामाबद्दल बोलता येतं. चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, तुमचा प्रश्न. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न नव्हे. ‘बोगद्याच्या तोंडावरचं शेवाळ जास्त हिरवं झालंय का?’, ‘दरड आणि मागचा पडदा यांचा सांधा दिसतोय का?’, ‘या खडीचा रंग काळ्या दगडाचा वाटतो का?’ हे प्रश्न. जितका नेमका प्रश्न, तितकं नेमकं उत्तर.

नाइलाज, निवड आणि नजरचूक

आता बाजू बदलू. फोटो दुसऱ्याचा आहे आणि मत तुम्हाला द्यायचं आहे. काहीतरी खटकलं. लिहिण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा नाइलाज आहे, निवड आहे की नजरचूक? मॉडेल रेल्वेवरची जवळजवळ सगळी निरर्थक वादावादी या तिघांची गल्लत झाल्यामुळे होते.

नाइलाज म्हणजे छंदाच्या मर्यादेतून आलेली तडजोड. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. १:८७ प्रमाणात तो १९.३ मिलिमीटर यायला हवा. बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचा आहे, कारण तो १४३५ मिलिमीटरच्या परदेशी स्टँडर्ड गेजचं मॉडेल आहे. त्यामुळे आपली इंजिनं त्यावर पाय जवळ घेतल्यासारखी दिसतात. माथेरानच्या ६१० मिलिमीटरच्या रुळाचं उलटं होतं. हिशेबाने तो ७ मिलिमीटर हवा, पण एचओ प्रमाणातले मॉडेलकार सहसा सहज मिळणारा ९ मिलिमीटरचा वापरतात. वळणांचंही तेच. ब्रॉडगेजवर वळणाची त्रिज्या १७५ मीटरपेक्षा कमी नसते. एचओमध्ये तेवढी त्रिज्या घ्यायची तर दोन मीटर लागतात. दोन खोल्यांच्या घरात पलंगाखाली सरकणाऱ्या लेआउटला हे कुठून जमणार? असल्या गोष्टींवर बोट ठेवून कोणाचंच भलं होत नाही. सांगायचंच तर तडजोड झाकण्याचा उपाय सांगा. उदाहरणार्थ, कॅमेरा वळणाच्या आतल्या बाजूने लावला तर डब्यांमधली कोनाची फट कमी दिसते. गाडी समोरून घेण्याऐवजी बाजूने घेतली की रुळाचा अरुंदपणा लक्षात येत नाही.

निवड म्हणजे मॉडेलकाराने जाणूनबुजून केलेली गोष्ट. कोणाला मुलांसोबत गाड्या पळवायच्या आहेत, म्हणून डेक्कन क्वीनशेजारी जपानी शिंकान्सेन उभी आहे. कोणी २४ डब्यांची गाडी नऊ डब्यांत आटोपली आहे, कारण एलएचबी या आधुनिक प्रकारचा एक डबा एचओमध्ये २७ सेंटिमीटरचा होतो आणि पूर्ण गाडी साडेसहा मीटरची. निवड आवडली नाही तर विचारा, ‘हे असं का केलंत?’ उत्तर ऐकल्यावर बहुतेक वेळा आक्षेप उरत नाही.

नजरचूक म्हणजे जे मॉडेलकाराला नकोच होतं, सुधारता येण्यासारखं आहे, पण त्याच्या डोळ्यांतून निसटलं. टीकेचं खरं क्षेत्र हेच. तुमची सगळी ताकद इथे लावा.

एक फोटो जवळून पाहू

समजा, फोटो भोर घाटाचा आहे. सोबत लिहिलंय: एचओ, १९८५, पावसाळा, कडा आणि बोगदा हाताने केलेला, प्रश्न असा की ‘घाट घाटासारखा वाटतो का?’ फोटोत कड्यावरून धबधबा कोसळतोय, बोगद्यातून गाडी बाहेर येतेय, मागे ढकलणारं बँकर इंजिन लावलंय.

सुरुवात जे जमलं आहे त्याच्यापासून करा, आणि तेही नेमकेपणाने. ‘कर्जतला लावलेलं बँकर गाडीच्या मागे दाखवलंत, त्यामुळे १:३७चा चढ न मोजता कळतो’ या वाक्यात कौतुक आहे आणि माहितीही. मॉडेलकाराला कळतं की ही युक्ती लागू पडली, पुढेही वापरावी.

मग नजरचुका. पुढचं इंजिन डब्ल्यूएपी-७ आहे. १९८५ मध्ये हे इंजिन जन्मालाही आलं नव्हतं आणि घाटातल्या तारेत १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता, २५ हजार व्होल्टच्या एसीवर चालणारं इंजिन तिथे धावलंच नसतं. हे सांगताना उपायही सांगा: ‘काळ १९८५च ठेवायचा असेल तर डब्ल्यूसीएम मालिकेतलं इंजिन हवं, हेच इंजिन ठेवायचं असेल तर वर्ष अलीकडचं लिहा आणि डबेही त्या काळाचे घ्या.’ दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या की निर्णय त्याचा राहतो.

खडी. भारतीय रेल्वेची खडी साधारण २० ते ६५ मिलिमीटरची असते. सगळ्यात मोठा दगडही १:८७मध्ये पाऊण मिलिमीटरचा भरतो. फोटोतले दाणे दोन मिलिमीटरचे दिसतात, म्हणजे रुळात सतरा सेंटिमीटरचे धोंडे पडलेत. उपाय साधा आहे: बारीक चाळणीने चाळलेली दगडाची कच वापरा आणि घाटासाठी रंग काळपट ठेवा. गाड्या जिथे ब्रेक लावत उतरतात तिथे रुळालगत गंजाचा तपकिरी थर हलक्या हाताने द्या. रुळाच्या बाजू तपकिरी, माथा मात्र लखलखीत.

गवत. धबधबा भरून वाहतोय आणि कड्यावरचं गवत मात्र पेंढ्याच्या रंगाचं. सह्याद्रीत तो रंग दिवाळीनंतर येतो, तोवर धबधबे आटत आलेले असतात. गवत हिरवं करा किंवा पाणी आटवा. बोगद्याच्या दगडी कमानीवर पाणी झिरपून आलेले काळे ओघळ आणि कडेला शेवाळाचा हात फिरवला, तर पावसाळा पक्का होईल.

एका फोटोवर एवढं पुरे. आणखी चार गोष्टी दिसल्या तरी आज सांगू नका. माणूस एका वेळी दोन-तीन सुधारणा मनावर घेतो. पंधरा सांगितल्या तर एकही करत नाही. कशात सगळ्यात जास्त फरक पडेल ते आधी सांगा. इथे ते खडी आणि गवत आहे, कारण इंजिन बदलायला पैसे लागतात, चाळणी आणि रंग घरात असतात.

नजर तयार करण्यासाठी

नेमकं बोलण्यासाठी कप्पे हवेत. अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने मॉडेलांच्या गुणांकनाची जी पद्धत घडवली आहे, तिचा इथे उपयोग होतो. त्यात १२५ गुण पाच भागांत वाटलेले आहेत: बांधणीला ४०, बारकाव्यांना २०, मूळ वस्तूशी इमान राखण्याला २५, रंग आणि अक्षरलेखनाला २५ आणि स्वतः घडवलेल्या भागांना १५. कोणाच्या घरच्या लेआउटला गुण देत बसण्याची गरज नाही. पण फोटो पाहताना हे पाच कप्पे मनात असले की ‘कुठेतरी चुकतंय’ याच्या जागी ‘बांधणी चोख आहे, रंगकाम मात्र सपाट आहे’ असं बोलता येतं.

रंगकाम सपाट आहे का हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. फोटो काळा-पांढरा करून बघा. खऱ्या दृश्यात गडद आणि फिक्या छटांच्या भरपूर पायऱ्या दिसतात. मॉडेलात सगळं एकाच करड्यात बुडालं असेल, तर छाया आणि उजाळे द्यायला हवेत. दुसरी युक्ती म्हणजे खऱ्या जागेचा त्याच कोनातून काढलेला फोटो शेजारी ठेवणं. टीका करणाऱ्यानेही हे आधी करावं. स्मरणशक्तीवर विसंबून ‘तो पिवळा पट्टा असा नव्हता’ म्हणणं धोक्याचं आहे, कारण रंगसंगती काळानुसार बदलत गेल्या. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनचंच पाहा. तिचे सुरुवातीचे दोन संच वेगवेगळ्या रंगांचे होते: एक रुपेरी, लाल पट्ट्यांचा, दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. नंतर कितीतरी वर्षं आपण ती निळ्या-पांढऱ्या रंगात पाहिली आणि २०२२ मध्ये तिला नवे एलएचबी डबे मिळाले. वर्ष विचारल्याशिवाय तिच्या रंगाला चूक म्हणता येणार नाही.

संदर्भासाठी खऱ्या गाड्यांचे फोटो जरूर काढा, पण फलाटावरून, पुलावरून किंवा सार्वजनिक रस्त्यावरून. रुळावर उतरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे आणि जिवाशी खेळ आहे. आणि चांगलं काम प्रत्यक्ष पाहायचं असेल, तर पुण्यात कर्वे रस्त्यावर भाऊ जोशी यांनी उभं केलेलं, १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झालेलं जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहेच. तिथे तासभर उभं राहून डोंगर, पूल, सिग्नल आणि शहर एकमेकांशी कसं जोडलं आहे ते पाहिलं, की आपल्या फोटोत काय पाहायचं हेही उमगतं.

बोलण्याची रीत

टीका मॉडेलावर करा, माणसावर नको. ‘तुम्हाला वेदरिंग (मॉडेलला जुनं, मळलेलं रूप देणं) जमत नाही’ आणि ‘छतावरचा करडा रंग सगळीकडे सारखा लागलाय, मध्यभागी थोडा पुसून काढला तर धूळ वाटेल’ या दोन वाक्यांतला विषय एकच आहे, पण दुसरं ऐकून माणूस ब्रश उचलतो. जागा नेमकी सांगा: ‘डावीकडून दुसरा खांब’, ‘फलाटाची पुढची कड’. मोजमाप देता येत असेल तर द्या. उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असतो, म्हणजे एचओमध्ये जास्तीत जास्त साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास. फोटोतला फलाट डब्याच्या खिडकीला भिडत असेल तर हा आकडा वादच संपवतो. तुमची आवड आणि वस्तुस्थिती वेगळी ठेवा. ‘मला स्वतःला कमी गंज आवडतो’ असं म्हटलं की ते मत राहतं, फतवा होत नाही.

दुसऱ्याच्या फोटोवर खुणा करून किंवा रंग बदलून दाखवायचा असेल तर आधी विचारा. दुसऱ्याच्या लेआउटचा फोटो तुम्ही काढला असेल, तर तो दाखवण्याआधी मालकाची परवानगी घ्या आणि काम कोणाचं ते लिहा. कामाची किंमत, इंजिन कुठून परवडलं, ही उठाठेव तर कधीच नको. मोठी चूक असेल आणि ती सर्वांसमोर सांगितल्याने माणूस ओशाळेल असं वाटलं, तर फोन करा. आणि सल्ला दिलात तर त्याची तड लावा: महिन्याभराने ‘त्या खडीचं काय झालं?’ असं विचारणारा मित्र दहा जाणकारांहून मोलाचा असतो.

नवख्यांच्या बाबतीत एक जास्तीची काळजी घ्या. बारा वर्षांच्या मुलाने पुठ्ठ्याचं स्थानक करून फोटो पाठवला असेल, तर त्याला रुळाच्या गेजचा हिशेब ऐकवू नका. पुठ्ठ्याच्या कडांवरचा कच्चा रंग झाकायला वॉटरकलर कसा वापरायचा, एवढंच दाखवा. पहिली वस्तू पुरी झाली, यापेक्षा मोठं यश त्या टप्प्यावर नसतं.

ऐकणाऱ्यासाठी

तुमच्या फोटोवर मत आलं की लगेच खुलासा द्यायची घाई नको. ‘ते अजून अपुरं आहे’, ‘प्रकाश नीट नव्हता’ ही उत्तरं कदाचित खरीही असतील, पण ती दिली की पुढचा माणूस बोलायचा थांबतो. आधी धन्यवाद म्हणा आणि समजलं नसेल तर विचारा. एकदा टेबलापाशी जाऊन, सांगितलेली जागा पुन्हा पाहा. तीन वेगवेगळ्या लोकांनी एकाच जागेवर बोट ठेवलं असेल, तर त्यांनी सुचवलेले उपाय वेगळे असले तरी दुखणं तिथेच आहे असं धरून चाला. एखादी सूचना पटली नाही तर नम्रपणे तसं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. लेआउट तुमचा आहे, त्याच्यासोबत रोज राहायचं तुम्हाला आहे.

सुधारणा केल्यावर त्याच जागेवरून, त्याच उजेडात, त्याच उंचीवरून दुसरा फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाठवा. ज्यांनी सुचवलं त्यांना आपल्या शब्दाचं चीज झालेलं दिसतं, जे नुसतं वाचत होते त्यांना पद्धत कळते आणि तुमची स्वतःची प्रगती तुमच्या डोळ्यांसमोर राहते. जोडीचे असे फोटो तारखेसह साठवून ठेवा.

आपल्याकडे हा छंद करणारे थोडे आहेत आणि विखुरलेले आहेत. भारतीय इंजिनं, डबे, सिग्नल, खांब यांची तयार मॉडेलं मोजकीच मिळतात, त्यामुळे प्रत्येकाला बरंचसं आपल्या हातांनी घडवावं लागतं आणि जो तो तेच प्रश्न नव्याने सोडवत बसतो. एकाला सापडलेलं उत्तर दुसऱ्यापर्यंत पोचवायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे प्रामाणिक फोटो आणि त्यावरचं प्रामाणिक बोलणं. तेव्हा या रविवारी लेआउटवरची धूळ झटका, कॅमेरा रुळाच्या पातळीला आणा, एक फोटो काढा, त्याखाली एक नेमका प्रश्न लिहा आणि मित्रांना पाठवा. आणि कोणाचा असा फोटो तुमच्याकडे आला, तर ‘मस्त’ लिहून थांबू नका. त्याला उद्या करता येईल अशी एक गोष्ट सांगा.